कॉलेजसाठी एफटीआयआर घेताना: नमुन्यांच्या यादीपासून स्वीकृती-चाचणीपर्यंत

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रसायनशास्त्र विभागांच्या खरेदीच्या फायली उघडल्या की बऱ्याचदा पहिलंच पान कंपनीच्या कोटेशनचं असतं. अनुदान मंजूर झालं, ओळखीच्या सेल्स इंजिनिअरला फोन गेला, त्याने पीडीएफ पाठवली आणि तीच जशीच्या तशी तपशीलपत्र म्हणून निविदेत गेली. मशीन येतं, चालतंही. पण ज्या कामासाठी मागवलं ते काम त्यावर होत नाही, नाहीतर पहिल्याच जुलैत ते आजारी पडतं.

खाली दिलेला क्रम हे टाळण्यासाठी आहे. सगळीकडे एकच कसोटी लावली आहे: तपशीलपत्रातली प्रत्येक ओळ आपल्याच खोलीत, आपल्या डोळ्यांदेखत मोजून दाखवता आली पाहिजे. जी मोजता येत नाही ती ओळ जाहिरातीची, खरेदीच्या कागदात तिचं काम नाही.

उदाहरण एफटीआयआरचं, म्हणजे नमुना इन्फ्रारेड प्रकाश कुठे कुठे शोषतो त्यावरून त्यातले बंध ओळखणाऱ्या मशीनचं घेतलं आहे, कारण पदव्युत्तर विभागात पहिली मोठी खरेदी बहुधा याचीच होते. यूव्ही-व्हिजिबल, फ्लुरोमीटर किंवा रामन ही प्रकाशावर चालणारी दुसरी मशीनं घेणाऱ्यांनाही हाच क्रम चालेल. चाचण्या तेवढ्या बदलतील आणि त्याही पुढे दिल्या आहेत.

## टप्पा १: आधी नमुन्यांची यादी, कॅटलॉग नंतर

गेल्या वर्षभरात विभागातून बाहेर तपासायला गेलेले सगळे नमुने एका कागदावर लिहा. कोणी पवईला आयआयटीच्या सैफमध्ये (सामायिक उपकरणांच्या केंद्रात) पाठवले, कोणी टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या खासगी लॅबमध्ये, कोणी ओळखीने कालिन्याला विद्यापीठात करून घेतले. प्रत्येकासमोर चार गोष्टी भरा: पदार्थ काय, स्वरूप काय (पावडर, फिल्म, द्रव, जेल), किती मिळतो आणि स्पेक्ट्रमच्या कुठल्या भागात उत्तर दडलंय.

हा शेवटचा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात आणि पैसे नेमके तिथेच बुडतात. शिफ बेसचे धातुसंकुल करणाऱ्या गटाला धातू-नायट्रोजन आणि धातू-ऑक्सिजन बंधांचे पट्टे बघायचे असतात. ते साधारण ६०० ते ४०० प्रति सेंमीच्या (हे तरंगसंख्येचं एकक, पुढचे नुसते आकडेही त्यातलेच) दरम्यान येतात. एस्टर, अमाइड, पॉलिमर करणाऱ्यांचं बहुतेक काम ६५० च्या वरच आटपतं. दोघांसाठी ‘एफटीआयआर’ हा शब्द एकच असला तरी मशीनची आतली काच वेगळी लागते. ते कसं, ते पाचव्या टप्प्यात येईल.

यादी भरताना काही नमुने एफटीआयआरचे नाहीतच हेही लक्षात येतं. द्रावणातली संहती मोजायची असेल तर यूव्ही-व्हिजिबल हवा. नमुना पाण्यातच तपासायचा असेल तर इन्फ्रारेडमध्ये पाण्याचे स्वतःचेच रुंद पट्टे आडवे येतात, तिथे रामन बरा. पण रंगीत आणि चमकणाऱ्या पदार्थांवर ५३२ नॅनोमीटरचा लेसर मारला की प्रतिदीप्तीत सगळं बुडून जातं, ७८५ चा विचार करावा लागतो.

आता नमुने मोजा. महिन्याला दहा-बाराच निघत असतील आणि ते वाढायची चिन्हं नसतील, तर मशीन घेऊ नका. ऐरोली पूल ओलांडला की पवई फार लांब नाही, आणि देशभरातल्या सामायिक उपकरणांचं बुकिंग आय-स्टेम पोर्टलवरून करता येतं. अनुदान आलंय म्हणून घेतलेली मशीन नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) तपासणी असते त्या आठवड्यात सुरू होते, एरवी कव्हरखाली झोपलेली असते.

तपासा: यादीवर प्रत्येक मार्गदर्शकाची सही घेतली का? पुढे ‘मला हे हवंच होतं’ असं सांगणारं कोणीतरी निघतंच.

## टप्पा २: खोली, पैशाच्याही आधी

एफटीआयआरच्या पोटात पोटॅशियम ब्रोमाइडचा (केबीआरचा) बीम स्प्लिटर, म्हणजे प्रकाशाचा झोत दुभागणारी काच असते. हा स्प्लिटर मिठासारखाच हवेतलं पाणी ओढतो आणि धुरकट होतो. एकदा धुरकट झाला की पुसून काही होत नाही, बदलावाच लागतो, आणि मशीनच्या महागड्या सुट्या भागांत त्याचा नंबर वरचा आहे. आपल्याकडे पावसाळ्यात बाहेरची आर्द्रता ८०-९० टक्क्यांच्या घरात असते. खाडीच्या बाजूच्या इमारतींत त्यात खारी हवा मिसळते. खोलीत ६० टक्क्यांच्या खाली आर्द्रता आणि २० ते २५ अंश तापमान दिवसरात्र टिकलं पाहिजे.

‘दिवसरात्र’ हा शब्द ठळक वाचा. बहुतेक कॉलेजांत संध्याकाळी शिपाई मजल्याचा मेन स्विच पाडून घरी जातो. एसी बंद, डीह्युमिडिफायर बंद, आणि थंड पडलेल्या खोलीत रात्रभर दमट हवा शिरते. गणपतीच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत तर सलग काही दिवस. म्हणून आधी या गोष्टी करून घ्या:

- एसी, डीह्युमिडिफायर आणि मशीनसाठी मजल्याच्या मेनपासून वेगळी लाइन, वेगळा एमसीबी आणि त्यावर मराठीत ठळक पाटी: ‘बंद करू नये’.
- स्वतंत्र अर्थिंग. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज इलेक्ट्रिशियनकडून मोजून कागदावर घ्या. बहुतेक कंपन्या तो दोन-तीन व्होल्टच्या आत मागतात.
- ऑनलाइन यूपीएस. इन्व्हर्टरवर भागवू नका. मशीन वीज फार खात नाही, पण सोबतचा संगणक मधेच बंद पडला की डेटा जातो.
- कडप्प्याचा, भिंतीत पक्का बसवलेला ओटा. लाकडी टेबल नको. इंटरफेरोमीटरमधला आरसा मागेपुढे सरकत असतो, त्याला हादरे चालत नाहीत. रेल्वेमार्गाला किंवा हमरस्त्याला लागून असलेल्या बाजूची खोली शक्यतो टाळा.
- सिंथेसिसच्या लॅबपासून दूर जागा. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि थायोनिल क्लोराइडच्या वाफा आरशांचा मुलामा खातात. फ्यूम हूड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो किती ओढतो, ते हवेचा वेग मोजूनच कळतं.

स्प्लिट एसीच्या खाली मशीन ठेवायचं नाही, हे सांगावं लागू नये. पण एका ठिकाणी जागा वाचवायला नेमकं तसंच ठेवलं होतं. ड्रेन पाइप तुंबला आणि पाणी थेट नमुन्याच्या कप्प्यात उतरलं.

तपासा: साधा थर्मो-हायग्रोमीटर आणून खोलीत ठेवा आणि जुलै-ऑगस्टमधले काही आठवडे सकाळ-संध्याकाळ नोंद करा. सोमवारी सकाळचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्यात रविवार दिसतो. हा तक्ता पुढे कंपनीलाही दाखवायचा आहे.

## टप्पा ३: खरा खर्च मांडा

अंदाजपत्रकात फक्त मशीनची किंमत धरली की उरलेलं सगळं विभागाच्या किरकोळ खर्चातून भागवावं लागतं, आणि त्या खात्यात काही नसतं. एटीआर जोडणी (हिच्यात नमुना थेट स्फटिकावर दाबून स्पेक्ट्रम घेतात), हायड्रॉलिक प्रेस, पेलेटची (केबीआरमध्ये नमुना मिसळून दाबलेल्या चकतीची) डाय, अगेटचा खल, केबीआर, डेसिकेटर, ट्रान्समिशनचा (प्रकाश नमुन्यातून आरपार जातो त्या पद्धतीचा) होल्डर, संगणक, यूपीएस, डीह्युमिडिफायर आणि खोलीचं काम, हे सगळं पहिल्याच कागदावर यायला हवं.

जीएसटी कोटेशनमध्ये वेगळा दाखवायला सांगा. संशोधन संस्थांना पूर्वी उपकरणांवर मिळणारी ५ टक्के जीएसटीची सवलत जुलै २०२२ मध्ये काढून घेतली गेली. तरी जुन्या फायलीवरून उतरवलेल्या अंदाजपत्रकांत ती अजून डोकावते आणि ऐन ऑर्डरच्या वेळी पैसे कमी पडतात.

वॉरंटीनंतरचा खर्च आताच विचारा. एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) इंजिनिअरची फेरी आणि मजुरी येते, सुटे भाग येत नाहीत. सीएमसीत (सर्वसमावेशक करारात) भागही येतात. बीम स्प्लिटर, लेसर, स्रोत आणि डिटेक्टर सीएमसीत आहेत की वगळलेत, हे नावानिशी लिहून घ्या. ‘उपभोग्य वस्तू वगळून’ या तीन शब्दांत काही कंपन्या लेसरही घालतात.

## टप्पा ४: डेमो, पण आपल्या नमुन्यांवर

डेमोला सेल्स इंजिनिअर स्वतःच्या बॅगेतला नमुना काढतो. त्याचा स्पेक्ट्रम सुंदरच येणार. आपण पाच नमुन्यांचा एक संच करायचा आणि सगळ्या कंपन्यांना तोच द्यायचा: पॉलिस्टायरीनची फिल्म, आपलं एखादं धातुसंकुल, काजळी घातलेला काळा रबर, एखादा पटकन उडणारा द्रव आणि जेमतेम दोन-तीन मिलिग्रॅम मिळणारा एक पदार्थ.

काळा रबर मुद्दाम ठेवा. टीटीसीतल्या कारखान्यांकडून पुढे सल्ल्याचं काम येणार असेल तर अशाच गोष्टी येतात. हिऱ्याच्या आणि झिंक सेलेनाइडच्या एटीआर स्फटिकांचा अपवर्तनांक सुमारे २.४ असतो. काजळीच्या नमुन्यावर त्यांचे पट्टे वाकडेतिकडे येतात आणि आधाररेषा उतरत जाते. जर्मेनियमचा अपवर्तनांक ४ आहे, प्रकाश नमुन्यात कमी खोल जातो, म्हणून स्पेक्ट्रम सरळ येतो. तेव्हा जर्मेनियमचा स्फटिक वेगळा मागवायचा की नाही, हे डेमोतच ठरतं.

छापील कागदावर समाधान मानू नका, कच्ची फाइल मागा. सोबत रिझोल्यूशन (जवळजवळचे पट्टे सुटे दाखवायची क्षमता), स्कॅनची संख्या, बॅकग्राउंड (नमुन्याविना घेतलेली नोंद) कधी घेतला आणि एटीआर करेक्शन लावलंय का, हे लिहून घ्या. स्मूदिंग आणि बेसलाइन करेक्शन बंद ठेवायला सांगा. गुळगुळीत स्पेक्ट्रम बघून कमिटी खूश होते. त्या गुळगुळीतपणात बारीक पट्टेही गेलेले असतात.

सावधान: डेमो तपशीलपत्राच्या आधी हवा. नंतर घेतला तर त्यातून जे कळतं ते निविदेत घालायची वेळ गेलेली असते.

## टप्पा ५: तपशीलपत्र

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. ब्रँड किंवा मॉडेलचं नाव येऊ देऊ नका. ऑडिट तर अडवतंच, आणि कोणाच्या तरी कॅटलॉगमधली विचित्र आकड्यांची ओळ उचलली की बाकीच्या कंपन्यांना दोन मिनिटांत कळतं की निविदा कोणासाठी आहे.

तरंगसंख्येचा पल्ला आणि आतली काच. दमट हवेला उपाय म्हणून कंपनी झिंक सेलेनाइडची प्रकाशव्यवस्था सुचवेल. सूचना प्रामाणिक आहे, कारण तिला पाण्याने काही होत नाही. पण ५००-६०० च्या खाली तिच्यातून प्रकाश जवळजवळ जातच नाही. पहिल्या टप्प्यातल्या यादीत धातुसंकुलं असतील तर तुमचं निम्मं काम तिथेच संपलं. तशा विभागाने केबीआरच घ्यावं आणि खोली सांभाळावी. यादीत फक्त सेंद्रिय पदार्थ आणि पॉलिमर असतील, आणि रात्री एसी चालू राहील याची खात्री कोणी देत नसेल, तर माझ्या मते झिंक सेलेनाइड शहाणपणाचं.

एवढ्यावर थांबू नका. हिऱ्याच्या काही एटीआर जोडण्यांत हिऱ्याखाली झिंक सेलेनाइडचं भिंग असतं. मग आत केबीआर असूनही एटीआरवर पल्ला ५००-६०० च्या आसपास तुटतो. म्हणून नुसतं ‘पल्ला ४००० ते ४००’ लिहू नका. ‘ट्रान्समिशनमध्ये ४०० पर्यंत आणि दिलेल्या एटीआर जोडणीसह ४०० पर्यंत, दोन्ही बसवण्याच्या वेळी दाखवावे’ असं लिहा.

सिग्नल-टू-नॉइज, म्हणजे खरा सिग्नल नॉइजच्या (खरखरीच्या) किती पट. कमिटी इथे हमखास फसते. तीन कोटेशनं समोर आहेत असं धरा. पहिल्यात ३०,०००:१, दुसऱ्यात ५०,०००:१, तिसऱ्यात ९,०००:१. तुलनात्मक तक्त्यात दुसरी कंपनी पहिली येते आणि तिसरी बाद होते. आता खालची बारीक अक्षरं वाचा. पहिलीचा आकडा पीक-टू-पीक (नॉइज वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत मोजून), एक मिनिटाचा. दुसरीचाही एका मिनिटाचा, पण आरएमएस (नॉइजची एक प्रकारची सरासरी धरणाऱ्या) पद्धतीचा. आरएमएसचा आकडा पीक-टू-पीकच्या साधारण चार-पाच पट मोठा दिसतो, म्हणजे तिची खरी किंमत दहा-बारा हजारांच्या आसपास. तिसरीचा पीक-टू-पीक आहे, पण फक्त पाच सेकंदांचा. सिग्नल-टू-नॉइज वेळेच्या वर्गमुळाने वाढतो. साठ सेकंद म्हणजे बारा पट वेळ, म्हणजे सुमारे साडेतीन पट सुधारणा, आकडा एकतीस हजारांवर. जी बाद झाली ती पहिलीच्या बरोबरीची निघाली आणि जी जिंकली ती सगळ्यात मागे.

तेव्हा ओळ अशी लिहा: ‘पीक-टू-पीक, एक मिनिट, ४ प्रति सेंमी रिझोल्यूशन, २२०० ते २१०० प्रति सेंमी, एटीआरविना’. एटीआरविना यासाठी, की हिरा स्वतःच साधारण २३०० ते १८०० च्या पट्ट्यात प्रकाश शोषतो.

रिझोल्यूशन. घन आणि द्रव पदार्थांना ४ पुरतं. ०.५ प्रति सेंमी बहुतेक मशीनवर मिळतंच. त्याहून बारीक रिझोल्यूशनसाठी पैसे मोजायचे तर विभागात वायूंवर काम करणारं कोण आहे, हे आधी विचारा.

डिटेक्टर. डीटीजीएस खोलीच्या तापमानाला चालतो. एमसीटी जास्त संवेदनशील आहे, पण त्याला बहुधा द्रव नायट्रोजन लागतो. नायट्रोजन आणणार कोण, ठेवणार कशात आणि दर आठवड्याचं बिल कोणत्या खात्यातून, याची उत्तरं तयार नसतील तर तो रकाना कोरा ठेवा.

एटीआर स्फटिक. कॉलेजात हिराच घ्या. झिंक सेलेनाइडवर ओरखडे पडतात, आणि त्यावर आम्ल पडलं तर स्फटिक खराब होतोच, शिवाय विषारी हायड्रोजन सेलेनाइड सुटू शकतो. एमएस्सीची चाळीस मुलं हाताळणार असतील तर हा धोका घ्यायचं कारण नाही.

सॉफ्टवेअर. मशीनच्या संगणकाखेरीज इतर संगणकांवर बसवायच्या प्रती किती, ते लिहा. एकच प्रत असली की मुलं पीक मोजायलाही मशीनसमोर रांग लावतात. डेटा सीएसव्ही आणि जेकॅम्प स्वरूपात बाहेर काढता यायला हवा. ट्वेंटीवन सीएफआर पार्ट इलेव्हन या अमेरिकी नियमाचं सॉफ्टवेअर औषध कंपन्यांच्या नोंदींसाठी असतं. महाप्याच्या औषध कंपन्यांची कामं खरोखर घेणार असाल तरच मागा, नाहीतर प्रत्येक मुलाच्या पासवर्डपायी सकाळ जाईल.

तपासा: प्रत्येक ओळीसमोर ‘हे कसं मोजणार?’ असा रकाना करा. तो रिकामा राहिला तर ओळ खोडा किंवा सुधारा. हाच कागद आठव्या टप्प्यात स्वीकृती-चाचणीचा तक्ता होणार आहे.

## टप्पा ६: कोणत्या नियमाने, आणि निविदा

पैसा कुठून आला त्यावर नियम ठरतो. केंद्राच्या अनुदानाला जनरल फायनान्शियल रूल्स २०१७, म्हणजे जीएफआर, आणि सरकारी खरेदीचं जेम पोर्टल. राज्याच्या पैशाला उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयातली कार्यपद्धती. संस्थेच्या स्वतःच्या पैशाला संस्थेची खरेदी नियमावली. किती रकमेपर्यंत कोटेशन आणि कुठून पुढे ई-निविदा, या मर्यादा वेळोवेळी बदललेल्या आहेत. मागच्या खरेदीची फाइल बघून ठरवू नका, लेखा विभागाकडून ताजं परिपत्रक लेखी घ्या.

प्रोप्रायटरी सर्टिफिकेट लावून एकाच कंपनीकडून घ्यायचा मोह टाळा. शिमाड्झू, पर्किनएल्मर, ब्रुकर, थर्मो फिशर, अॅजिलंट, जास्को अशा अनेक कंपन्या एफटीआयआर करतात. ‘दुसरा कोणी हे बनवतच नाही’ असं प्रमाणपत्र इथे टिकत नाही, आणि ऑडिटमध्ये उत्तर सही करणाऱ्या विभागप्रमुखाला द्यावं लागतं, सेल्स इंजिनिअरला नाही.

जाहीर निविदेला जीएफआरप्रमाणे साधारण किमान तीन आठवडे द्यावे लागतात. तांत्रिक आणि आर्थिक अशी दोन पाकिटं ठेवा. प्री-बिड (निविदा भरण्याआधीची) बैठक घ्याच. तिथे कंपन्या लेखी प्रश्न विचारतात: ‘पीक-टू-पीक ऐवजी आरएमएस चालेल का?’, ‘एटीआरवर ४५० पर्यंत चालेल का?’ जागच्या जागी ‘हो, चालेल’ म्हणू नका. प्रश्न नोंदवून घ्या, पहिल्या टप्प्यातली यादी समोर ठेवा आणि उत्तर शुद्धिपत्रकातून सगळ्यांना एकदम द्या. एकाला फोनवर दिलेली सवलत निविदा रद्द व्हायला पुरते.

वॉरंटीनंतरच्या वर्षांचा सीएमसीचा दर आर्थिक पाकिटातच मागा आणि सगळ्यात कमी दर ठरवताना तो धरला जाईल, हे निविदेतच लिहा. मशीन स्वस्त आणि सीएमसी अव्वाच्या सव्वा, ही जुनी युक्ती इथेच थांबते.

सावधान: अनुदान ३१ मार्चला संपत असेल तर उलटे मोजत या. आयात, बसवणं, बिल आणि पैसे हे सगळं त्या आधी बसायला हवं. दिवाळीनंतर निविदा काढणाऱ्यांची मार्चमध्ये धावपळ ठरलेली.

## टप्पा ७: ऑर्डर ते दार

साध्या कॉलेजने परकीय चलनात, लेटर ऑफ क्रेडिट उघडून खरेदी करायच्या भानगडीत पडू नये. कंपनीच्या भारतीय कार्यालयाकडून रुपयांत, ‘कॉलेजच्या खोलीत पोहोच’ अशा अटीवर दर घ्या. कस्टम्स, विमा आणि सहारच्या विमानतळ-कार्गोत किंवा न्हावा शेवा बंदरात माल अडकला तर त्याचं डेमरेज (माल पडून राहिल्याचा आकार), सगळं त्यांच्या डोक्यावर.

ऑर्डरमध्ये तीन गोष्टी असू द्या: स्वीकृती-चाचणीचा तक्ता जोडपत्र म्हणून, शेवटचा हप्ता त्या तक्त्यावरच्या सहीनंतरच, आणि वॉरंटी माल पोहोचल्यापासून नव्हे, तर सही झालेल्या दिवसापासून.

पेटी आली की बाहेरच्या धक्का-दर्शक आणि कल-दर्शक स्टिकरचे फोटो काढा. लाल झालं असेल तर मालासोबतच्या डिलिव्हरी चलनावर तसं लिहूनच सही करा. इंजिनिअर येईपर्यंत पेटी उघडायची नाही. पावसात आली असेल तर एसी खोलीत एक दिवस तशीच राहू द्या. दमट हवेतून आलेलं मशीन लगेच चालू केलं की आत दव धरतं.

## टप्पा ८: बसवणं आणि स्वीकृती

इंजिनिअर सकाळी येतो, दुपारपर्यंत मशीन लावतो, एक स्पेक्ट्रम काढतो आणि सहीसाठी कागद पुढे करतो. त्याला संध्याकाळची गाडी असते. आपल्याला घाई नाही. तक्ता काढा आणि क्रमाने चला.

१. मशीन चालू करून किमान दोन तास तापू द्या. कप्पा रिकामा ठेवून बॅकग्राउंड घ्या, लगेच रिकाम्याच कप्प्याचा स्पेक्ट्रम घ्या. शंभर टक्क्यांवर आडवी रेषा यायला हवी. २३५० जवळ कार्बन डायऑक्साइडचा आणि ३९०० ते ३५०० व १८०० ते १४०० मध्ये पाण्याच्या वाफेच्या बारीक रेषांचा ठसा किती आहे, ते पाहा. ठसा मोठा असेल तर आतलं डेसिकंट (ओल शोषणारे दाणे) आणि झाकणाची सील तपासायला सांगा.

२. त्याच रेषेवर २२०० ते २१०० मधला नॉइज पाचव्या टप्प्यातल्या अटींप्रमाणे मोजा. आकडा इंजिनिअरच्या लॅपटॉपवरचा नको, तुमच्या संगणकावरचा घ्या.

३. पॉलिस्टायरीनची फिल्म लावा. ३०६०.०, २८४९.५, १६०१.२, १५८३.०, ११५४.५ आणि १०२८.३ हे पट्टे साधारण १ प्रति सेंमीच्या आत जुळायला हवेत. २८७० आणि २८५० च्या मधली, तसंच १५८९ आणि १५८३ च्या मधली दरी स्पष्ट सुटी दिसली पाहिजे. ती बुजलेली असेल तर रिझोल्यूशन कागदावरच आहे.

४. एटीआर बसवा आणि डेमोच्या संचातले तेच पाच नमुने पुन्हा चालवा. डेमोच्या कच्च्या फायलींवर नवे स्पेक्ट्रम ठेवून बघा. धातुसंकुलाचा ४५० च्या आसपासचा पट्टा डेमोत होता आणि इथे नाही, तर जोडणी वेगळी आलेली आहे.

५. स्फटिकावर आयपीएचा (आयसोप्रोपिल अल्कोहोलचा) थेंब टाका, स्पेक्ट्रम घ्या, पुसा, पुन्हा घ्या. दुसऱ्यात पहिल्याची सावली राहायला नको.

६. इंटरफेरोग्रामच्या (स्पेक्ट्रम काढण्याआधीच्या कच्च्या सिग्नलच्या) मधल्या उंच टोकाचा आकडा, एटीआरसह आणि एटीआरविना, लॉगबुकच्या पहिल्या पानावर लिहा. पुढची सगळी वर्षं हा आकडा मशीनची तब्येत सांगतो. तो हळूहळू उतरू लागला की स्रोत, आरसे किंवा बीम स्प्लिटर यांपैकी काहीतरी थकतंय.

यूव्ही-व्हिजिबल घेणाऱ्यांनी तरंगलांबीसाठी होल्मियम ऑक्साइड, शोषणाच्या अचूकतेसाठी पोटॅशियम डायक्रोमेट आणि भटक्या प्रकाशासाठी १९८ नॅनोमीटरला पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण वापरावं. रामनला सिलिकॉनचा ५२०.५ प्रति सेंमीचा पट्टा बघा. फ्लुरोमीटरला शुद्ध पाणी पुरतं: ३५० नॅनोमीटरला उत्तेजित केलं की ३९७ जवळ पाण्याचा रामन पट्टा येतो, त्यावर सिग्नल-टू-नॉइज मोजतात.

सावधान: ‘तात्पुरतं स्वीकारलं’ अशी सही करू नका. लेखा विभागाला त्यातला ‘तात्पुरतं’ दिसत नाही. एखादी ओळ नापास असेल तर तक्त्यात ‘नापास’ लिहा, तारीख घाला आणि प्रत कंपनीला ईमेल करा. डेड स्टॉक रजिस्टरची नोंद आणि बिल त्यानंतर.

## टप्पा ९: पहिला पावसाळा

मशीन बंद करू नका. चालू मशीन आतून किंचित गरम राहतं आणि ओल धरत नाही. डेसिकंटचा रंग दर सोमवारी बघा. पावसाळ्यात तो अपेक्षेपेक्षा लवकर बदलतो, म्हणून जादा संच मे महिन्यातच मागवून ठेवा.

केबीआर ओव्हनमध्ये वाळवून डेसिकेटरमध्ये ठेवा आणि पेलेट दाबल्यावर लगेच स्कॅन करा. जुलैत एक गंमत दरवर्षी होते. एखादा विद्यार्थी एस्टरचा स्पेक्ट्रम घेऊन येतो. ३४३० ला रुंद फुगवटा, १६४० ला लहान पट्टा, आणि अहवालात लिहिलेलं असतं ‘हायड्रॉक्सिल गट आढळला’. तो गट खोलीच्या हवेतला असतो. त्याच दिवशी नुसत्या केबीआरचा पेलेट करून चालवा, फुगवटा तिथेही दिसेल. कोरा पेलेट रोज सकाळी पहिला चालवायचा आणि त्याची फाइल तारखेने साठवायची, असा नियमच करा.

एटीआरचा स्पेक्ट्रम जुन्या केबीआरच्या स्पेक्ट्रमशी थेट ताडू नका. एटीआरमध्ये कमी तरंगसंख्येचे पट्टे उंच दिसतात. लायब्ररीत शोधताना करेक्शन लावलंय की नाही, हे मुलांना फाइलच्या नावातच लिहायला लावा.

हाताळायची परवानगी मोजक्या लोकांना द्या आणि त्यांची यादी दारावर लावा. कंपनीचं प्रशिक्षण एकदाच होतं आणि तेही बहुधा बसवण्याच्या दिवशीच, जेव्हा निम्मे विद्यार्थी परीक्षेत असतात. ते पुन्हा द्यायची अट ऑर्डरमध्ये असेल तर जूनमध्ये नवीन तुकडी आल्यावर वसूल करा.

वॉरंटी संपायच्या दोन महिने आधी आठव्या टप्प्यातल्या सहाच्या सहा चाचण्या पुन्हा चालवा. इंटरफेरोग्रामचा आकडा पहिल्या पानाशी ताडा. उतरला असेल तर तक्रार त्याच आठवड्यात, लेखी, तक्त्यासह नोंदवा, आणि सीएमसीचा प्रस्ताव पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकासाठी लेखा विभागाकडे पाठवा.